दुसऱ्या रांगेतली जागा

हैबतराव : भाऊ माझा, आणि त्याच्या वर्षश्राद्धाचं कीर्तन पौडचे नरहरीबुवा करणार? तुळजा, घरचा कीर्तनकार मी काय मेलोय?

तुळजाबाई : तुमी न्हाई, दादा. हे गेले.

हैबतराव : मार टोमणा. ऐकायलाच आलोय.

तुळजाबाई : बसा तरी. च्या टाकते.

हैबतराव : नको. काल डॉक्टरला रिपोर्ट दाखवला. माझं कोलेस्ट्रॉल पुन्हा खाली. मी ऐटीत म्हणालो, गोळी घेऊन रोज नदीपर्यंत चाललं की येतंच खाली. कुशाबानंही तीच गोळी घेतली, माझ्याबरोबर चालला, पण खाण्यात चोरी केली. म्हणून भात काढताना छाती धरून बसला.

तुळजाबाई : आजून तेच?

हैबतराव : पुढचं ऐक. डॉक्टर म्हणाले, 'तसं नसतं, बुवा. गोळी एक, चालणं एक, तरी गुण सारखा येत नाही. आईबापाकडनं जे रक्तात उतरतं, ते प्रत्येकात निराळं. चालण्याचा फायदा एकाला भरभरून, दुसऱ्याला नखभर. सख्ख्या भावांतसुद्धा. शोध चाललाय अजून.'

तुळजाबाई : म्हंजी हे खरं बोलत हुते, चोरून खात न्हवते.

हैबतराव : व्हय.

तुळजाबाई : मला न्हाई लागला डॉक्टर. ह्यांचं ताट मीच वाढत हुते.

हैबतराव : आणि मी हनुमानजयंतीच्या कीर्तनात जिभेच्या लोभाचा दृष्टांत म्हणून त्याचं नाव घेतलं! 'सकाळी चालतो, दुपारी रश्श्यात पोहतो.' सगळा मांडव हसला.

तुळजाबाई : हेबी हसले. घरी येऊन जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवसापासनं सांजचंबी चालायला लागले, गावाभायेरच्या बंगल्यांच्या मागनं, कुणाला दिसू नये म्हणून. म्हणायचे, 'आकडा उतरला की दादाला कागद दाखवतो.'

हैबतराव : पांडुरंगा! मला सांगायचंस तरी.

तुळजाबाई : आकडा उतरलाच न्हाई, दादा.

(हैबतराव उपरण्यानं तोंड झाकून घेतात.)

हैबतराव : म्हणून कीर्तन मागतोय. त्याच लोकांपुढं सांगतो, माझा भाऊ खरा होता.

तुळजाबाई : सांगाल की. गळा गोड हाय तुमचा. लोक रडतील, आन् घरी जाताना तुमचंच कवतिक करतील.

हैबतराव : मग काय करू मी?

तुळजाबाई : नरहरीबुवांच्या मागं उभं ऱ्हावा. टाळकऱ्यांच्या दुसऱ्या रांगेत ह्यांची जागा मोकळी हाय.

हैबतराव : आणि टाळ?

तुळजाबाई : फळीवर हायेत. त्या कीर्तनावरनं आल्यावर बांधून ठेवले, ते तसंच. दोरी जुनी हाय, दादा. सावकाश सोडा.