सत्यशीलाबाई एटापल्लीला निघाल्या

सन्माननीय अध्यक्ष बापूरावजी, व्यासपीठावरील प्राचार्य महोदय व पाहुणे मंडळी, माझे सहकारी, विद्यार्थी आणि मूल गावच्या बंधुभगिनींनो,

आपल्या कॉलेजच्या ग्रंथपाल सत्यशीलाबाई मेश्राम यांना आज आपण निरोप देतो आहोत. मराठीचा प्राध्यापक बोलायला उभा राहिला की जेवणाला उशीर होतो, हे मला ठाऊक आहे. तरी थोडं ऐकून घ्या.

बाई इथे सहायक म्हणून लागल्या. ग्रंथालयशास्त्र शिकायला नागपूरला निघाल्या, तेव्हा मुलगी अंगावर पीत होती. पोरीले मी पाहीन, तू जाय, असं सासूबाई गुणाबाईंनी सांगितलं. आणि बाई पहिल्या वर्षी नापास झाल्या! परत आल्यावर आमच्यातल्या काहींनी सल्ला दिला, आता ऑफिसात लिपिक व्हा. बाई म्हणाल्या, "सर, मी इंग्रजीत नापास झाली, ग्रंथालयशास्त्रात नाई." पुन्हा गेल्या. पदवी घेतली, पुढे एम.लिब.ही केलं, आणि ग्रंथपाल होऊन आल्या.

तेव्हा आपली पुस्तकं कुलपात असत. विद्यार्थ्यानं खिडकीत पुस्तकाचं नाव सांगायचं, मग ते मिळायचं. बाईंनी कपाटं उघडी ठेवायची परवानगी मागितली. पुस्तकं चोरीला जातील, असं कॉलेजच्या संचालक मंडळाचं म्हणणं. भर बैठकीत बाईंनी विचारलं, "ज्या पोरीनं पुस्तक कधी पाह्यलंच नाई, ते त्याचं नाव काय सांगन?"

कपाटं उघडली. काही पुस्तकं गेलीही. बाईंनी वार्षिक सभेत ते स्वतःच सांगितलं. कुलूप मात्र लावू दिलं नाही. दूर जंगलातल्या एटापल्लीकडून आलेली, घरी गोंडी बोलणारी मंगली मडावी त्या कपाटांपुढे उभ्या उभ्या वाचायची. आज ती नागपुरात ग्रंथालयशास्त्र शिकते आहे.

तिच्या भागात आता नवं कॉलेज निघालं आहे. पुस्तकं पेट्यांत पडून आहेत, तिकडे जायला ग्रंथपाल तयार नाही. बाईंना नागपूरचंही बोलावणं होतं. त्यांनी एटापल्ली निवडलं. एवढ्या आत काऊन जाता, असं सगळ्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "तिथी कोणीच नाई म्हणून."

अध्यक्षमहोदय, भाषणात बाईंचं मन वळवा, असं आपण मला सुचवलं होतं. ते माझ्यानं होणार नाही. बाई, तुम्ही निघा. इथलं आम्ही सांभाळू.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर आपला माणूस म्हणून पदरात घ्या.