भिंतीवरचा तेलकट डाग

मंडळी, आलात, बरं वाटलं. नातवाच्या शोकसभेत आजीने बोलायचं, हा क्रम कुणी लावला कोण जाणे. मला अक्षर येत नाही. हे धाकट्या सुनेला सांगून लिहून घेतलंय. मध्येच विसरले तर पुढचं ती वाचेल.

आमचा निनाद धामनोदकडे दगडांचे फोटो काढायला गेला होता. परतताना अपघात झाला. लोक विचारतात, दगडांचे फोटो कशाला? मीही विचारायची. "अरे, एखाद्या पोरीचा काढ, लग्न तरी जमेल!"

तो हसायचा. "आजी, कंप्यूटरच्या गेममधली घरं म्हणजे नुसते सांगाडे. मी त्यांना कातडी चढवतो. टेक्स्चर म्हणतात त्याला."

त्याने आपल्या बैठकीच्या ह्याच भिंतीचा फोटो काढला. हातभर तुकडा. कडा अशा जुळवल्या की जोड दिसेना. मग तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावून गेममधलं अख्खं गाव सजवलं. भिंत आपल्या देवास शहरातली, गाव राक्षसांचं!

पण भिंतीवर एक डाग होता. निनाद इथेच खाली बसून काम करायचा, डोकं भिंतीला टेकून. डोक्याला तेल थापायची मीच, आणि भिंत तेलकट झाली म्हणून ओरडायचीही मीच. फोटोतून त्याने तो डाग पुसला. म्हटलं, "खऱ्या भिंतीचा पूस की रे, भिया!" तर म्हणतो, "आजी, डाग राहिला तर प्रत्येक घरावर तोच दिसेल. लबाडी पकडली जाईल."

दिवाळीत मी ही भिंतही रंगवून घेतली. बघा, किती पांढरी. किती स्वच्छ. आता तिच्याकडे बघवत नाही. डाग भिंतीवर नाही, त्याच्या त्या गावातही नाही. मी हात ठेवू कुठे?

परवा त्याच्या ऑफिसातली ही सलोनी आली. म्हणाली, "आजी, दागवाला असली फोटो, पुसण्याआधीचा, माझ्याजवळ आहे. प्रिंट निकालूँ?"

सलोनी, बेटा, प्रिंट तर दे. पण आणखी एक मागते. तुम्हा लोकांना पुसता येतं, तसं परत लावताही येत असेल ना? त्या गावात एखाद्या घरावर, खाली कोपऱ्यात, तो डाग लाव. एकदाच. सगळीकडे नको. आमचाही एकच होता.

हो म्हणून मान हलवतेयस? बरं.

आता जरा वेळ सगळे गप्प बसू या. दमला असाल तर भिंतीला डोकं टेका. आज मी कुणाला ओरडणार नाही.