कालच बांधलेला ओटा

सलीम मिस्त्रीनं आमचा नवाकोरा ओटा का फोडला, ते ऐका बायांनो. मिस्त्री सिल्लोडचा. आमच्या पुंडलिकनगरच्या घरात स्वयंपाकघर नवं करायला आलेला. माप माझ्या लेकानं दिलं. ओटा झाला, गॅस मांडला, अन् पहिला चहा मी मिस्त्रीलाच केला. ओटा माझ्या छातीला लागत होता, म्हणून पाटावर उभी राहिले. पाट जरा सरकलाच. पण लेकानं लई हौसेनं केलेलं, मी बोलले नाय. मिस्त्रीनं बघितलं, चहा प्याला अन् गेला.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन बघते तर मिस्त्री छन्नी-हातोडा घेऊन ओटा फोडतोय!

लेक धावत आला. "अहो मिस्त्री, माप मीच दिलं होतं ना!"

"व्हय साहेब, तुमच्या उंचीचं दिलं. पण चहा तर आजी करतात."

लेकानं पाटाकडं बघितलं. "माझ्या ध्यानातच आलं नाय," म्हणाला.

दोन दिवसांत ओटा पुन्हा उभा राहिला, बरोबर माझ्या कमरेला. मी चहा केला, पाट धुऊन पुसून मांडला अन् मिस्त्रीला म्हटलं, "बस बाबा, आता हा तुझा. माझे पाय फरशीला टेकलेत."