फुटक्या दाताची शिट्टी

उटनूरच्या दातांच्या दवाखान्यात देवश्री नवऱ्याशेजारी बसली होती. त्याच्या सुजलेल्या तोंडावर रुमाल होता. समोरची दोन पोरं मोबाइलवर सिनेमातलं गाणं पुन्हा पुन्हा लावत होती.

“हा आवाज भार्गवचाच हाय. रॉक गाणारा.”

“पण सिनेमात त्याचं नाव तं कुठीच नाई.”

“नसू दे. ‘स’ आला का शिट्टी वाजते, आयक. समोरचा दात फुटका हाय त्याचा.”

“खरंच की! इतके वर्सं कोनाले समजलं नाई!”

देवश्री नवऱ्याकडे वाकली. “सांगू का त्यायले?”

त्याने नकारार्थी मान हलवली.

“मंग हा फुटका दात तरी काढू नका.”

“सोसत नाई आता,” भार्गव म्हणाला. ‘स’ला बारीक शिट्टी वाजली.

गाणं थांबलं. पोरांनी माना वर केल्या, तोवर तो डॉक्टरांच्या खोलीत शिरला होता.