माझ्या वतीनं सासूबाई

मी निघोज्याचा, चाकनजवळच्या. येताना तुमी वाटंत इचारलं असंल, संपत फोर्कलिफ्टवाल्याचं घर कुठं, तर कुनी सांगितलं नसंल. येडा संपत म्हना, लहान लेकरू बी हात धरून दारात आनून सोडंल. हसा ताई, हसा, मी बी हसतो. जल्म इथलाच, बाप कांदा-ज्वारी करायचा, पुढं कंपन्या आल्या नि थोरला किसन नि मी दोघं बी कंपनीत चिकटलो. डॉक्टरनं फिट म्हनून सांगितलंय तवाच मला ती माल उचलायची गाडी चालवाय देत्यात, भरलेलं पॅलेट मी वरच्या रॅकवर असं ठेवतो की आवाज येत न्हाई, पन घरी काचेचं भांडं हातात घेतलं की बायको सुनंदा म्हनती, द्या इकडं.

आता आजाराचं काय सांगू तुमाला. डोकं दुखत न्हाई, पोट दुखत न्हाई, उलट लई म्हंजी लई बरं वाटतं, आनि हाच तर घोळ हाय. पहिल्यांदा झालं ते गावच्या यात्रेत. बैलगाड्याची शर्यत, गाडे पळत्यात त्या घाटात ही गर्दी, मला झोप नव्हती कैक दिवसांची, डोक्यात नुसत्या कल्पना. मी समालोचकाच्या हातनं माइक घेतला तो सोडंचना. पहिल्या नंबराला माझ्याकडनं ट्रॅक्टर. दुसऱ्या नंबराला बी ट्रॅक्टर. तिसऱ्याला मी हेलिकॉप्टर जाहीर केलं असं लोक सांगत्यात, मला आठवत न्हाई, पन मी केलं असंल, मी काय हात राखून देनारा मानूस न्हाई. आनि राव, टाळ्या पडल्या! मंग किसननं नि त्याच्या दोस्तांनी मला खाली वढलं, बैलाच्या कासऱ्यानं हात बांधले, पिकअपमधी टाकलं नि पिंपरीच्या दवाखान्यात नेलं. किसनला मी वाईट म्हनत न्हाई, तो घाबरला हुता. पन बांधलेला मानूस पहिलं काय बघतो ठावं हाय का? आपली पोरगी कुठं उभी हाय ते. माझी पूजा तवा शाळंत हुती, आइस्क्रीम घेऊन पुढंच उभी हुती. तवापास्नं माझं एकच मागनं हाय, पुन्हा बांधू नका, पोरीसमोर तर न्हाईच.

गोळ्या चालू झाल्या, मी बरा झालो, कामावर बी गेलो, पन एक गोष्ट गेली ती गेलीच. भांडायचा हक्क. कालवनात मीठ कमी हाय म्हनलं की बायको म्हनती, गोळी घेतली का? मॅच बघताना वरडलो, गोळी घेतली का? किसन बांध कोरत हुता, मी म्हनलं, अरं दादा, बांध कोरू नको, तर तो मला बोलला न्हाई, घराकडं तोंड करून म्हनतो, सुनंदा, ह्यानं गोळी घेतली का बघ गं. अवो, बांध खरंच कोरला हुता! येड्यानं सांगितलं म्हनून काय बांध जागेवर जातो का?

तर दवाखान्यात एक मॅडम आल्या, तरुन, त्यांचा अभ्यास चालू हुता. मनाचा आजार असलेल्या, नायतर म्हातारपनी इसरायला झालेल्या मानसाचं कोन ठरवतं, त्याला स्वतःला कुनी इचारतं का, असा. त्यांनी आधी मलाच इचारलं, तुम्ही यात भाग घ्याल का, नाही म्हणालात तरी तुमचे उपचार आहेत तसेच चालू राहतील. मी सवयीनं सुनंदाकडं बघितलं. मॅडम म्हनल्या, त्यांच्याकडे नका बघू, मी तुम्हाला विचारतेय. ताई, खरं सांगतो, मला रडू आलं. म्हनलं मॅडम, मला शेवटचं कुनी काही इचारलं ते लग्नाच्या टायमाला, पोरगी पसंत हाय का, आनि तवाबी उत्तर बापानंच दिलं.

मंग त्यांनी सांगितलं की कायदाच हाय, मानूस बरा असताना आधीच सांगून ठेवू शकतो, आजारानं उचल खाल्ली तर माझ्याशी कसं वागायचं, आनि माझ्या वतीनं कुनी ठरवायचं. सुनंदानं तर पदर सावरला, आता आपलंच नाव येनार म्हनून. मी म्हनलं, सासूबाई.

घरी जाताना सुनंदा बसमधी येगळ्या सीटवर जाऊन बसली. आता तुमी म्हनाल सासूबाईच का. आमच्या सासूबाई यमुनाबाई, देहूच्या. लग्नाच्या आधीच म्हनल्या हुत्या, पोराचं तोंड लई चालतं. माझ्याबद्दल त्यांचं मत कधी चांगलं नव्हतंच, त्यामुळं आजारानं ते बिघडलं बी न्हाई! पहिल्या येळेला दवाखान्यात सगळे मला लहान बाळावानी बोलायचे, जेवलं का बाळ, झोपलं का बाळ. ह्या आल्या, पिशवी खाली ठेवली नि म्हनल्या, काय वो जावईबापू, हेलिकॉप्टरला डायवर कुठनं आननार हुता? मंग माझ्या मनगटावरचे वळ दिसले. किसनला बोलावून अशा झापल्या, म्हनल्या, जनावर हाय का ते? तवाच मनात ठरलं हुतं.

मी सांगितलं, दोर न्हाई, पाठीमागं खुसुरपुसुर न्हाई, जे काय ते तोंडावर सांगा, आनि गाडीत मी पुढं बसनार. बाकी सासूबाई चला म्हनल्या की चला. मॅडमनी पुन्हा पुन्हा इचारलं, त्या वेळी तुम्हाला अगदी ठणठणीत वाटत असेल, तरीसुद्धा? म्हनलं, तरीबी. बरा असताना बोलायला काय जातंय!

आनि तो दिवस आला कधी, तर पूजाचा साखरपुडा तोंडावर आल्यावर. पोरगी कंपनीत क्वालिटीला हाय, मुलगा चाकनचाच, गुनाचा. मला आनंद झाला. का होऊ नये? अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले, गेटवरच्या सिक्युरिटीला वाटले, मुलाच्या घरी तर रोज पाठवले. सिटी बसमधी बसलो तर बसमधल्या सगळ्यांना आमंत्रन दिलं, कंडक्टरला म्हनलं, बस घेऊनच या. ढोल-ताशा सांगितला, एक पथक न आलं तर पंचाईत नको म्हनून दुसरं बी सांगितलं. झोप येत नव्हती, पन लेकीचं कार्य असल्यावर कुनाला येती? घरात एकच, गोळी घेतली का? घेतली हुती वो, आईशप्पथ घेतली हुती!

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी किसननं पिकअप दारात आनून लावली. म्हनला, उद्या मुलाच्या मानसांसमोर ह्यानं तमाशा केला तर पोरीचं लग्न मोडंल. त्याचंबी खरं. पन बापानं लेकीच्या आनंदात नाचायचं न्हाई तर कवा नाचायचं, तुमीच सांगा. पूजा मधी उभी राहिली, म्हनली, काका, पप्पांना कुनी हात लावायचा न्हाई, आजीला बोलवा.

सासूबाई रिक्षानं आल्या. सगळ्यांना बाहेर काढलं नि माझ्यासमोर बसल्या. म्हनल्या, बोला, काय वाटतंय तुमाला? मी बोललो. ढोल सांगितला, मांडव सांगितला, पूजाच्या पोरांची नावं काय ठेवायची ते बी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी दम घ्यायला थांबलो तवा म्हनल्या, जावईबापू, मी उन्हातनं आलेय, तुमी मला अजून पानी इचारलं न्हाई. एरवी कितीबी भांडलो तरी तांब्या आधी पुढं करता. मला वाटतं आजार चढलाय. चला.

मी म्हनलं, मी येनार न्हाई, मी ठनठनीत हाय. त्या म्हनल्या, तुमीच सांगून ठेवलंय, मी चला म्हनलं की यायचं. मी वरडलो, तवा मी येडा हुतो म्हनून सांगितलं! त्या म्हनल्या, न्हाई, तवा तुमी बरे हुता.

  राग असा आला की भिंतीला लाथ घातली, मंग चप्पल शोधली. किसननं दार उघडून धरलं, मी पुढं बसलो. पूजा खिडकीशी आली, म्हनली, पप्पा, साखरपुडा पुढं ढकलते. म्हनलं, उरकून घ्या. ती म्हनली, तुमच्याबिगर न्हाई. मला वाटलं आता मोडलं सगळं. मुलाच्या आईला पूजानं स्वतः फोन केला, आजार लपवला न्हाई, खरं ते सांगितलं. ती बाई म्हनली, थांबू त्यांना बरं वाटंपर्यंत, आमचे पेढेच अजून संपले न्हाईत.

डॉक्टर म्हनले, वेळेत आलात, आत्ताशी सुरुवात आहे. औषध बदललं, थोडे दिवस ठेवून घेतलं, साखरपुडा झाला, लग्न बी झालं. माझं आजबी म्हननं हाय की त्या दिवशी मी नुसता खूश हुतो. सासूबाई म्हनतात न्हाई. आमचा वाद मिटलेला न्हाई.

आता मिटायचा बी न्हाई, कारन सासूबाईंनाच इसरायला व्हायला लागलं. गॅस चालू ठेवून शेजारी जाऊन बसायच्या, मेलेल्या मानसाची वाट बघायच्या. मीच त्यांना त्या मॅडमकडं घेऊन गेलो. मॅडमनी त्यांना बी तसंच इचारलं, अजून सगळं कळतंय तोवर सांगून ठेवा, पुढे तुमच्या वतीनं कोण ठरवेल? दोन लेक शेजारी बसलेले, इस्तरीचे कपडे घालून. सासूबाई म्हनल्या, जावईबापू. थोरला मेव्हना उठूनच उभा राहिला, आई, ते सोताच येडे हायेत! सासूबाई म्हनल्या, तुमी दोघं हुशार हायसा. तुमी मला न इचारता ठरवाल. ह्यो इचारत बसंल.

तर मी इचारतो ताई. लेकांच्या मनात त्यांना थोरल्याच्या फ्लॅटवर न्यायचं हुतं, मी इचारलं, त्या म्हनल्या देहू. म्हनून देहूच, धाकटा तिथंच ऱ्हातो. सुट्टीला मी जातो. परवा त्यांना मी कोन ते आठवंना. म्हनलं, राहू द्या, चहा घेनार का तेवढं सांगा. म्हनल्या, साखर कमी. मेव्हन्याची बायको म्हनली, घाला वो नेहमीएवढी, त्यांना आता काय कळतंय. मी कमीच घातली. कळून सांगितलं का न कळता, ते मी कोन ठरवनार, सांगितलंय ना त्यांनी. पांडुरंगानं त्यांना असंच बोलतं ठेवावं. आनि बोलनं थांबलं त्यांचं, तर माझं तोंड जरा बंद ठेवावं, म्हंजी त्यांना काय पाहिजे ते मला समजंल.