न गळलेला जोड
अरे, बाबा पुण्याहून आमच्याकडे अमेरिकेत, ट्रॉयला आले होते ना, तेव्हाची गंमत. बाबा म्हणजे कारखान्यातले जुने वेल्डर. शेजारच्या वॉल्टरकाकांनी त्यांना एक फोटो दाखवला. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काकांची आई अर्धवट बांधलेल्या पाणबुडीवर वेल्डिंग करत होती.

काका म्हणाले, "युद्ध संपत आलं, पाणबुडी कॅन्सल झाली, भंगारात गेली. आईला फार लागलं ते."

मी ट्रान्सलेट केलं. बाबांनी विचारलं, "आईंचा जोड कधी गळला का?"

"पाण्यात गेलीच नाही, तर गळणार कसा?"

"मग! माझे कितीतरी गळले. या बाईंचा एकही नाही."

काका डोळे पुसत हसले. म्हणाले, "आईने तुम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नसतं!"