जवळून लागलेली गोळी

मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला, शिक्षण नववी नापास, परंतु तहसील कचेरीबाहेर माझ्या तोडीचा अर्जनवीस नव्हता, हे आपण अवश्य नोंदवून घ्यावं. पुढे पत्नीला नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि तिच्या व्हिसावर मीही इकडे आलो. इथं अर्ज लिहायला कचेरीबाहेर टेबल कोण मांडू देणार? शहराबाहेर हरणाच्या मांसाचा कारखाना आहे, तिथं सुरी हाती घेतली. तरी आपल्या माणसांचे कौन्सिलचे, शाळेचे अर्ज आजही मीच लिहितो.

आता गोळीचं सांगतो, कारण सगळं तिथूनच घडलं. शिकारी हरणं आणून देतात, जखमेभोवतीचं मांस आम्ही कापून टाकायचं. गोळी तीच, पण फार लांबून मारली तर वाटेत मंदावते, अंगात शिरल्यावर तिचं टोक नीट पसरून फुलत नाही, बारीक भोक पाडून आरपार जाते आणि ते मुकं जनावर कुठल्या कुठं धावत जाऊन मरतं. तीच जवळून मारली तर इतक्या वेगानं लागते की हाडावर तिच्या ठिकऱ्या उडतात, शिशाचे कण वीतभर लांब मांसात शिरतात, आणि काय सांगू तुम्हाला, वरून भोक मात्र तेवढंच दिसतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर नागपूरचा सुनील होता, बायको, दोन मुली, आणि व्हिसा याच नोकरीवर. भोकापासून दोन बोटं सोडून काप, असं त्याला शिकवलेलं, तसं तो कापी. एक हरीण अगदी जवळून मारलेलं आलं, त्याच्या मांसात शिसं राहिलं, गिऱ्हाइकाचा दात तुटला. मॅनेजर म्हणाला, लेखी खुलासा दे.

सुनील म्हणाला, भाऊ, मी इंग्रजीत खरं काय ते लिहून देतो. मी म्हटलं, खुलासा असा लिहितात होय, तू थांब. तो हसला, म्हणाला, लिहा, पण कोणाचे पाय धरू नका हं भाऊ. आमच्या कचेरीचा रिवाज असा, की आधी माफी मागावी, साहेब विरघळतो, मग खरी बाजू मांडावी. त्याप्रमाणे पहिल्या पानावर मी लिहिलं, माझ्या हातून अक्षम्य चूक घडली, उदार अंतःकरणानं क्षमा असावी; आणि गोळीचा वेग, शिकाऱ्यानं साधलेलं अंतर, हे सगळं दुसऱ्या पानावर. इथंच शाळेत वाढलेली माझी मुलगी त्याचं इंग्रजी करताना म्हणाली, बाबा, काकाचा चूक नव्हता ना, मग सॉरी का? मी म्हटलं, तुला कचेरी काय कळते. सुनीलनं माझ्यावर विसंबून न वाचताच सही केली.

मॅनेजरनं पहिलं पान वाचलं, म्हणाला, यानं स्वतःच कबूल केलंय. दुसरं पान उलटलंच नाही. नोकरी गेली, तिच्यामागे व्हिसा गेला, चालू शाळेतून मुलींना काढून तो नागपूरला परतला.

मी अजून तिथंच आहे. सुनीलचा अधूनमधून फोन येतो, जय भीम भाऊ, तब्येत कशी. पत्राचा विषय तो काढत नाही, मीही काढत नाही. दुसऱ्यांच्या नावानं शेकडो माफ्या लिहिल्या, पण त्याच्याकडे स्वतःच्या तोंडानं एक मागता आलेली नाही. मुलींना आशीर्वाद सांग, एवढंच म्हणतो आणि फोन ठेवतो.